एकहाती गाडी

सोनीबाई माघात गेली. पण आपलं काय गेलं, हे सावळारामला कळलं ते चैत्रातल्या एका बाजारच्या दिवशी, जुन्नरच्या यस्टी स्टँडामागे गफूरच्या गॅरेजात. डिंगोऱ्याचा गेणभाऊ गाडी बघायला आला होता. धोतर सावरत तो दारातून आत वाकला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि खाली क्लचवर बोट फिरवत होता. सावळाराम बाहेर लोखंडी खुर्चीवर बसून होता. गाडी काढून टाकायची हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. मूलबाळ नव्हतं, बायको गेली होती, आणि दारात उभी असलेली मॉरिस बघून येणारा-जाणारा विचारायचा, आता हिचं काय करणार शेट? गेणभाऊने वाकल्या वाकल्याच हाक दिली, "गफूरभाय, ह्ये रबर कशानं कातरलंय? उंदीर लागलं व्हतं का गाडीला?" गिऱ्हाईक खोट काढतं ते भाव पाडायला, हे उभा जन्म हिरड्याच्या व्यापारात घालवलेल्या सावळारामला कुणी सांगायला नको होतं. तो नुसता हसला. गफूर चिंधीला हात पुसत पुढे आला, डोकं घालून बघितलं आणि सहज बोलून गेला, "उंदीर कशाला लागतोय? जोडवं हाय त्ये. बाई वहाना काढून चालवायच्या न्हवं. जोडवं घासून घासून रबर कातरलं. त्याचं काय, नवं घालून देतो. पन तुमी क्लच बघा गेणभाऊ, दाबून बघा. लोण्यावानी हाय का न्हाई? एकहाती गाडी हाय. बाईच्या हातची."

सावळारामचं हसू तोंडावर तसंच राहिलं. बाईच्या हातची म्हणतात ती भाकरी, म्हणतात ते लोणचं. गाडी एकहाती आहे असं गिऱ्हाइकाला सांग, हे त्यानेच गफूरला सांगून ठेवलं होतं. एकाच हाताखाली वावरलेली गाडी दोन पैसे जास्त देऊन जाते. तो हात आपला, असं तो धरून चालला होता. गेणभाऊ आता सीटवर बसला होता आणि चाक धरून उगीच डावीकडे-उजवीकडे बघत होता, जसा काही रस्ताच समोर होता. तो बोलत होता आणि सावळारामला ते विहिरीत उतरलेल्या माणसाला वरचं बोलणं ऐकू यावं तसं ऐकू येत होतं. "मंचरच्या डाक्टरची फियाट बघून आलोय. पळाय चपळ हाय, कबूल. पन आमच्या रस्त्याला पोट घासंल तिचं. पुन्यात नवी स्टँडर्ड बघितली. किंमत ऐकून खालीच बसलो, आन वर म्हनत्यात नंबर लावा. गाडी यील तवर मी ऱ्हातो का न्हाई, कुनी सांगावं?" गफूर म्हणाला, "फियाटला ममईत डुक्कर म्हनत्यात, ठावं हाय ना? माझी पंचाईत बघा. दुरुस्तीला आली की बिस्मिल्ला म्हनून हात लावतो." दोघे हसले. गेणभाऊ म्हणाला, "डुक्कर का आसंना, आपलं शेट इचारतील, तिची मोड काय?" आणि दोघांनी सावळारामकडे बघितलं, कारण मोड हा त्याचा शब्द होता. सोनाराकडे दागिना मोडायला नेला तर हातात काय पडेल ती मोड. सावळाराम कुठल्याही वस्तूची किंमत विचारायच्या आधी तिची मोड विचारायचा. घड्याळाची, तराजूची, बैलाची. पाठीमागे त्याला बाजारात मोडशेट म्हणत, हेही त्याला ठाऊक होतं, आणि त्याचा त्याला राग नव्हता. आत्ता त्याने काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. तो म्हणाला, "मोड चांगली आहे." आपला आवाज आपलाच आहे की नाही हे त्याला कळेना.

गेणभाऊ 'घरात इचारून सांगतो' म्हणून गेला. सावळाराम उठला नाही. गफूरने बॉनेट लावलं, काचेवरची धूळ पुसली, मग तोही थांबला. "गफूर," सावळाराम म्हणाला, "ती चालवायची?" गफूरला वाटलं शेट थट्टा करताहेत. मग त्याने तोंडाकडे बघितलं. "आसं काय इचारता शेट? तुमीच सांगितलं व्हतं न्हवं." "मी?" "बाई म्हनल्या, शेट म्हनत्यात मला शिकव. पन त्यांच्यासमोर त्यो इषय काढू नगं, त्यांना चारचौघांत बरं वाटत न्हाई. मी म्हनलं बराबर हाय, मोठ्या मानसाची रीत." गफूरने हातातली चिंधी खांद्यावर टाकली, पुन्हा काढली. "अल्लाची आन शेट. मला वाटलं तुमाला ठावं हाय. समद्या रस्त्याला ठावं हाय." "कुठल्या रस्त्याला?" "आंबेगावच्या. घोडेगाव सोडलं की त्या चाकावर बसायच्या, आन मी बाजूला. सुरवातीला मी हात ब्रेकवर ठिवून बसायचो. मंग तंबाकू मळत बसाय लागलो." तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. सावळारामने आणखी एकच विचारलं. डिंभ्याच्या पुढे नदीच्या अंगाला एक चढाचं वळण आहे, कडेला एकटं आंब्याचं झाड आहे, खाली सरळ घोडनदी. "ते आंब्याचं वळण? तिथं तरी तू घेत असशील." "त्ये मी दुसऱ्या गिअरात घेतो," गफूर म्हणाला. "बाई तिसऱ्यात काढायच्या. पायच उचलायच्या न्हाईत. म्हनायच्या, बसा धरून! आन गाडी वर."

सावळाराम त्या वळणाला भीत असे. गाडी घेतल्यावर गफूरनेच त्याला बाजारपटांगणात शिकवलं होतं, आणि नारायणगाव, मंचर असा सरळ रस्ता असेल तिथे तो स्वतः चालवत जाई, दोन्ही हातांनी चाक आवळून, मान पुढे काढून. गाडी चालवणं म्हणजे त्याला तराजू धरण्यासारखं वाटे. लक्ष ढळलं की नुकसान. आंबेगावला मात्र एकदाच गेला होता. त्या वळणावर समोरून हिरड्याची बैलगाडी आली आणि तिथून पुढे गफूरला चाकावर बसवावं लागलं. त्यानंतर सोनीला माहेरी जायचं असलं की तो गफूरला सांगून टाकायचा. तिची आई चिमाबाई आंबेगावात एकटी होती. वडील त्या बाजूचा हिरडा गोळा करून सावळारामच्या बापाला घालायचे, त्याच ओळखीतून लग्न झालं होतं. आईला बरं नाही, असं सोनी महिन्या-दोन महिन्यांनी म्हणायची, आणि तो म्हणायचा, जा, गाडी आहे की. या 'जा'चं त्याला मनातून बरं वाटायचं. बाजारात कुणाची बायको माहेरी मोटारीने जात होती? आता त्याला वाटलं, आई किती वेळा खरोखर आजारी होती? आणि चिमाबाईला ठाऊक असणारच, म्हणजे ती म्हातारीही त्यात सामील होती. घोडेगावचे, शिनोलीचे, डिंभ्याचे लोक बाजाराला येत, त्याच्या पेढीवर बसून चहा पीत, हिरड्याचा भाव करत. बाळहिरड्याचा खडा हातात चोळून 'ओला आहे' म्हणून तो त्यांचं वजन तोडायचा, आणि तेव्हा समोरच्या माणसाच्या तोंडात त्याच्या घरातली ही गोष्ट असायची. ते एकमेकांकडे बघत असतील. कुणी एकाने तरी बोलायला हवं होतं.

त्या दिवशी तो गाडी घरी घेऊन आला आणि दारात लावून आतच बसून राहिला. गल्लीतली पोरं जमली आणि कंटाळून गेली. गाडी घेतली त्या वर्षाचं त्याला आठवत होतं, आणि आठवताना प्रत्येक गोष्ट पालथी होत होती. तेव्हा सगळा जुन्नरचा बाजार गफूरच्या गॅरेजात बसून त्याच्यासाठी गाड्या तोलत होता. गफूरने जनावरांच्या हिशोबाने सांगितलं होतं. आष्टिन म्हणजे बैल, दमाची पण जड. फियाट घोडी, खर्चाची आणि लाडाची. स्टँडर्ड शेरडू, स्वस्त, पण चढाला मान टाकणार. मॉरिस गाय. सावळारामचा जीव आष्टिन आणि मॉरिसमध्ये अडकला होता. पुण्याला जाऊन दोन्हींची मोड काढून आला होता, सारखीच येत होती. रात्री जेवताना तो हे सगळं सोनीला सांगायचा. तिला कळावं म्हणून नाही, बोलून आपल्याला स्पष्ट व्हावं म्हणून. ती तव्यावरची भाकरी परतत ऐकायची. एकदा तिने तोंड न वळवता विचारलं, "अवो, पन चालवाय कुंची ग्वाड?" तो इतका हसला की घास अडकला. चालवायला गोड! भाकरी आहे का ती? दुसऱ्या दिवशी गॅरेजात त्याने ते सांगितलं, आणि सगळे पोट धरून हसले. फक्त गफूर हसला नाही. धंद्यातला प्रश्न असल्यासारखा तो म्हणाला, "चालवाय? चालवाय मोरिस ग्वाड. वळनावर रस्ता हाताला सांगत जाती." हेही सावळारामने घरी येऊन सांगितलं, हसत हसतच. सोनी म्हणाली, "मंग मोरिसच घ्या की." मोड सारखीच होती, तेव्हा मॉरिस तर मॉरिस. निवड आपण केली, असं तो इतकी वर्षं समजत होता. पुण्याहून गाडी आली तेव्हा तिने कुंकू लावलं, नारळ ओवाळला, आणि वळताना दारामागून दिव्याचा पिवळा हात बाहेर यायचा तो गफूरला पुन्हा पुन्हा काढायला लावला. बाई माणूस, नवलाई असते, असं म्हणून तो पेढे वाटायला गेला होता.

मागच्या सीटवर एक गोधडी घडी करून ठेवलेली असायची. ती सोनीच्या आईला गाडीत बसायला आहे, असं त्याने कधीतरी ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. आता तो पुढच्या सीटवरून मागे वळून ती बघत होता. सोनी ठेंगणी होती. गोधडी खाली घेतल्याशिवाय तिला काचेतून रस्ता दिसला नसता. आणि सीट? सीट पुढे ओढल्याशिवाय पाय पुरला नसता. म्हणजे दर वेळी परतताना घोडेगाव जवळ आलं की कुठेतरी गाडी थांबत असेल, ती उतरून मागे जात असेल, गफूर खालचा खटका दाबून सीट मागे सरकवत असेल आणि ती पदर डोक्यावरून घेऊन, गोधडी घडी करून, माहेराहून आलेल्या बाईसारखी बसत असेल. घरी आल्यावर म्हणायची, "दमले बाई, रस्ता लई खराब." हे वाक्य त्याला आता असं लागलं की त्याने दार उघडलं आणि खाली उतरला. तिने गैर काही केलं नव्हतं. हे तो स्वतःला सांगत होता, पुन्हा पुन्हा सांगत होता. दुसऱ्या कुणाचा प्रश्न नव्हता. गफूर तिला बहिणीच्या जागी मानायचा, त्याची बायको नूरबी कित्येकदा मागे बसून आंबेगावला गेली होती. तसं काही असतं तर राग तरी कुठे धरायचा हे कळलं असतं. इथे नुसती एक बाई होती, जिला एक गोष्ट आवडत होती, आणि ज्याच्या घरात ती इतकी वर्षं राहिली त्याला तिने त्या गोष्टीचा वासही लागू दिला नव्हता.

आणि मग ते आठवलं. आठवलं असंही नाही, पेढीवर बसला असताना त्याच्या डाव्या हाताच्या तळव्याला ते जाणवलं. शेवटच्या तापात सोनी बोलायची थांबली होती. डॉक्टर येऊन गेले होते, नूरबी उशाशी बसून कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. तेव्हा सोनीचा डावा पाय गोधडीखाली सारखा हलत होता. तळपाय पुढे दाबायची, धरून ठेवायची, मग हळूच सोडायची. पुन्हा दाबायची. सावळारामला वाटलं पेटके येताहेत. त्याने तिळाचं तेल कोमट केलं आणि पोटरीपासून खाली चोळत बसला. पाय त्याच्या तळव्यावर दाबला जाई आणि हळूच सुटे, आणि दर वेळी त्याला वाटे, आता बरं वाटतंय तिला. जोडव्याचा गार चांदीचा स्पर्श त्याच्या बोटांना होत होता. तसाच पाय चालवत चालवत ती गेली. सवाष्ण म्हणून जोडवी पायातच राहू दिली. नूरबी तेव्हा तोंडावर पदर घेऊन एकाएकी उठून बाहेर गेली होती. मायेची बाई, बघवलं नाही तिला, असं तो समजला. तिला तो पाय काय करतोय ते कळलं होतं. त्या खोलीत ते तिला कळत होतं आणि त्याला कळत नव्हतं. तो जन्माचा जोडीदार, आणि तो तेल चोळत होता.

गेणभाऊचा निरोप आला की घरातल्यांना गाडी पसंत आहे, शेट म्हणतील त्या दिवशी येतो. सावळारामने निरोप्याला थांबवलं, पाणी दिलं, आणि 'कळवतो' म्हणाला. त्याच सकाळी गफूरला न सांगता त्याने गाडी काढली आणि आंबेगावचा रस्ता धरला. कशासाठी, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. चिमाबाईला जाब विचारायचा होता, एवढं एक त्याने धरून ठेवलं होतं. घोडेगाव मागे पडलं. शिनोलीच्या पुढे एक बाई डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. गाडी बघून ती हसली, पाटी खाली उतरवली आणि हात केला, थांबेल की नाही असा तिला प्रश्नच नव्हता. सावळारामने गाडी थांबवली. बाईने आत बघितलं आणि तिचं हसू गोंधळलं. "आज बाई न्हाईत?" ती म्हणाली. "तुमी कोन? नवं डायवर का?" सावळारामने सांगितलं. आपण कोण ते, आणि बाई माघात गेली ते. बाईने दोन्ही हात तोंडावर घेतले. तिचं नाव धोंडाबाई. पाटी तशीच रस्त्यात ठेवून ती खाली बसली. मग उठली, डोळे पुसले आणि पाटी घेऊन मागच्या सीटवर बसली, कारण बाजूला बसणं तिला बरं दिसलं नसावं.  मग एका बैलगाडीमागे सावळाराम हॉर्न न वाजवता हळूहळू चालला तेव्हा तिला राहवेना. "बाई आसत्या तर शिवी हासडली आसती," ती म्हणाली. "काय?" "मुडद्या, झोपलास का, बाजूला व्हय! आशी वराडायची. गाडीवान बी मुद्दाम सरकायचं न्हाईत, शिवी ऐकाय मिळावी म्हनून." ती रडता रडता हसली. सावळारामने समोर बघत राहून ते ऐकलं. त्याच्या घरात सोनीने मांजराला सुद्धा कधी शिवी दिली नव्हती. डिंभ्याला धोंडाबाई उतरली. जाताना तिने ओंजळभर करवंदं पुढच्या सीटवर ठेवली, रिकाम्या जागेवर, सवयीने.

आंब्याच्या वळणाला तो आला तेव्हा ऊन चढलं होतं. त्याने दुरूनच गाडी दुसऱ्यात घेतली. गिअर खरकन वाजला. चाक त्याने असं धरलं होतं की वळण संपल्यावर मनगटं दुखली. गफूर म्हणाला होता रस्ता हाताला सांगत जातो. त्याच्या हाताला काहीच सांगितलं नव्हतं. आंबेगावात चिमाबाई ओट्यावर बसून हिरडा निवडत होती, मोठा एकीकडे, बाळहिरडा एकीकडे, डोळ्यांनी नाही, बोटांनी, कारण डोळे आता अधू झाले होते. गाडीचा आवाज तिने ओळखला होता. "जावायबापू," ती म्हणाली, "तुमी चालवत आनली व्हय? ऐकू आलं मला. गिअर वाजला त्यो." त्याने पाणीही घेतलं नाही. उभ्यानेच म्हणाला, "सासूबाई, तुम्हाला ठाऊक होतं." म्हातारी हिरडा निवडत राहिली. "व्हतं." "मला कुणी सांगितलं नाही." "न्हाई सांगितलं." "का?" चिमाबाईने बोटातला हिरडा कुठल्या ढिगात टाकायचा याचा जरा विचार केला. "तिला म्या म्हनलं व्हतं, सांग त्यास्नी. मानूस वंगाळ न्हाई. तर म्हनली, आये, सांगीन. पन मंग ते इचारतील, याची मोड काय? आन मला काय उत्तर देता यायचं न्हाई." ती हसली. दात नव्हते, हसू साधं होतं, त्यात डंख नव्हता. तेच सावळारामला जास्त लागलं.

तो ओट्याच्या कडेला बसला. तो खरंच तसं म्हणाला असता का? त्याला माहीत नव्हतं. नाही म्हणाला असता का? तेही त्याला माहीत नव्हतं. लोक काय म्हणतील असं म्हणाला असता, किंवा हसून घास अडकवला असता, किंवा कदाचित, का नाही, एखाद्या दिवशी म्हणाला असता, चल, दाखव बघू. तसं म्हणणारा माणूस आपल्यात होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नव्हतं, कारण त्याला बोलायची पाळीच आली नव्हती. त्याला लुबाडलं होतं ते इथे. व्यापारात माणूस तोंडाने भाव सांगतो, समोरचा तोंडाने नाकारतो. सोनीने त्याच्या तोंडचं उत्तर परस्पर ठरवलं आणि सौदा न करताच निघून गेली. त्याच्या बाजूने ती स्वतःच बोलली, स्वतःच नाही म्हणाली, आणि मग त्या नाहीला भिऊन इतकी वर्षं चोरून चालली. ज्या नवऱ्याला ती भीत होती तो तिने घडवलेला होता. खरा इकडे पेढीवर बसून तिच्या आईची तब्येत विचारत होता. आणि ज्या बाईला तो ओळखत होता, तव्यासमोर बसून ऐकणारी, दमले म्हणणारी, ती तरी कुणी घडवली होती? तो पुढे विचार करेना. हिरड्याचा तुरट वास नाकात बसला होता. "तिचा आवाज कसा असायचा?" त्याने विचारलं. "शिव्या द्यायची म्हणे." "बापावर गेली व्हती," चिमाबाई म्हणाली. "त्याचं तोंड लई घान." मग तिने सूप बाजूला सारलं आणि काठी शोधली. "जावायबापू, मला आंब्यापातूर नेऊन आना. सोनी न्यायची. आल्या आल्या पैलं मला आंब्यापातूर नेऊन आनायची, मंग चुलीपाशी बसायची. माघापासून कुनी नेलं न्हाई."

त्याने तिला पुढे बसवलं. करवंदं तिने ओच्यात घेतली. आंबा गावाकडून आधी लागतो तो उतारावर. उताराने खाली जाऊन, डिंभ्याच्या अंगाला जरा सपाटी आहे तिथे वळवून, पुन्हा चढावर यायचं. सोनी तसंच करायची, म्हातारीने सांगितलं, कारण मजा चढाला. सावळारामने सगळं तसंच केलं. सपाटीला गाडी वळवली. तिसऱ्यात टाकली. चढ सुरू झाला, इंजिनाचा आवाज भरत गेला, आणि आंब्याचं झाड काचेत मोठं होऊ लागलं. त्याने बाजूला बघितलं. चिमाबाईने एका हाताने ओच्यातली करवंदं धरली होती आणि दुसऱ्या हाताने दार गच्च आवळलं होतं. तिचे अधू डोळे मिटलेले होते, तोंड जरा उघडं होतं, आणि ती लहान पोरीसारखी वाट बघत होती. तिसऱ्यात ठेव, त्याने स्वतःला सांगितलं. पाय उचलू नकोस. डाव्या पायाखाली कातरलेलं रबर होतं, जाड वहाणेतून त्याला ते जाणवत नव्हतं. नदी उजवीकडून वर आल्यासारखी वाटली. त्याचा पाय आपोआप दाबला गेला, हात आपोआप गेला, गिअर खरकन वाजला, आणि गाडी दुसऱ्यात पडून कुंथत कुंथत वळण चढू लागली. चिमाबाईने डोळे उघडले. दारावरचा हात तिने सोडला, आणि उगीच धरला होता असं वाटू नये म्हणून त्याच हाताने पदर सारखा केला. "हळूच बरं," ती म्हणाली. "हळू चालवलेली बरी."

गेणभाऊने वाट बघून बघून शेवटी मंचरच्या डॉक्टरची फियाट घेतली, आणि मोडशेटला आपल्याच गाडीची मोड काढता येईना, असं बाजारात बोलला. गफूर नवं रबर घेऊन दोनदा येऊन गेला. सावळारामने त्याला चहा पाजून परत पाठवलं. सीट त्याने पुढे ओढून बघितली, गुडघे चाकाला लागले, पुन्हा मागे घेतली. महिन्या-दोन महिन्यांनी तो आंबेगावला जातो, वहाणा काढून, अनवाणी चालवतो, आणि म्हातारीला आंब्यापर्यंत नेऊन आणतो. ती आता दार धरत नाही. ते वळण अजून त्याने तिसऱ्यात काढलेलं नाही.